आजोबांचे पेन्शन कोण देते?

आमच्या नल्लकुंट्याच्या घरात महिन्याची सुरुवात झाली हे दिनदर्शिका न पाहताही कळते. आजोबा सकाळी लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पासबुक भरून आणायला बँकेत निघतात. मोबाईलवर संदेश येतो हे आम्ही त्यांना कितीदा तरी सांगितले. परंतु आकडा छापील स्वरूपात डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होत नाही. येताना ते मंडईतून भाजी आणतात आणि धाकट्या भावाला बिस्किटांचा पुडा.

गेल्या वर्षी या धाकट्याने एक प्रश्न विचारला. “आजोबा तर ऑफिसला जात नाहीत, मग त्यांना पगार कोण देतो?” मी म्हटले, “सरकार देते.” त्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयार होता : “सरकारला कोण देतो?” मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमाखर्च, ताळेबंद, घसारा यांची पुस्तके वाचते. पण या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. त्या दिवसापासून मी जे वाचले आणि घरच्या मोठ्या माणसांना विचारून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. परंतु माझी फी आजोबांच्या पेन्शनमधूनच भरली जाते, त्यामुळे माझ्यापुरता तरी तो रुक्ष राहिलेला नाही.

एका घरात तीन तऱ्हा

आजोबा राज्य सरकारच्या नोकरीतून २००४ साली निवृत्त झाले. त्यांना जुन्या पद्धतीचे पेन्शन आहे. पूर्ण नोकरी झाली असेल तर अखेरच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मे, आणि त्यावर महागाईप्रमाणे वाढणारा भत्ता.

आत्या २००६ साली सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून लागली. आंध्र प्रदेशात १ सप्टेंबर २००४ पासून पुढे लागलेल्यांना जुने पेन्शन नाही. त्यांच्यासाठी अंशदायी योजना आहे. तिच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार त्यात भर घालते आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते.

बाबा खासगी कंपनीत आहेत. त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आमच्या घरापासून जवळच असलेल्या बरकतपुऱ्यातील कार्यालयाकडे जमा होतो. त्या योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले. हजार रुपयांत महिना कसा काढावा, हे ठरवणाऱ्यांनीच सांगावे.

एकाच छपराखाली राहणारी, सारखेच कष्ट करणारी ही तीन माणसे. त्यांच्या म्हातारपणाची सोय मात्र तीन तऱ्हांची. असे का, हे समजण्यासाठी प्रथम सरकारचा पैसा कसा ठेवला जातो ते पाहावे लागेल.

सरकारच्या तीन थैल्या

आपल्या राज्यघटनेने सरकारच्या पैशांसाठी तीन थैल्या सांगितल्या आहेत. पहिली संचित निधी. सर्व कर, शुल्क आणि सरकारने काढलेले कर्ज हीत जमा होते. विधानसभेने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय हीतून एक रुपयाही काढता येत नाही. दुसरी आकस्मिकता निधी. पूर, वादळ असा अवचित खर्च आला तर तोवरची सोय म्हणून ही ठेवलेली असते. तिसरी लोकलेखा. यातला पैसा सरकारजवळ असतो, पण सरकारचा नसतो. कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधी, ठेवी, अनामत रकमा हे सारे यात येते. शेजाऱ्याने गावाला जाताना आपल्याकडे दागिन्यांचा डबा ठेवावा, तसा हा प्रकार आहे. डबा आपल्या कपाटात असला तरी दागिने आपले नव्हेत.

पहिल्या थैलीत येणारा पैसा मुख्यतः आपल्याच खिशातून जातो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. राज्यातल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या, १८ टक्के कराच्या वस्तूवर ९ टक्के केंद्राचे व ९ टक्के राज्याचे असतात. पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांवरचा विक्रीकर, मद्यावरील उत्पादन शुल्क, घर-जमिनीच्या नोंदणीचे मुद्रांक शुल्क आणि वाहनकर ही राज्याची स्वतःची मोठी साधने. शिवाय केंद्राच्या करांतला वाटा मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटून द्यावयाच्या रकमेपैकी ४१ टक्के राज्यांना सुचवले. मात्र उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत.

त्या ४१ टक्क्यांतही भावाभावांत वाटणी असते, आणि ती दर वेळी बदलते. आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना पुढील आकड्यांत रस वाटेल. चौदाव्या आयोगाकडून पंधराव्याकडे येताना महाराष्ट्राचा हिस्सा ५.५२१ वरून ६.३१७ टक्के झाला, कर्नाटकाचा ४.७१३ वरून ३.६४७ वर आला आणि तेलंगणाचा २.४३७ वरून २.१०२ वर. माझे आजोळ बीदरचे. तिकडे मामा या आकड्यावरून तावातावाने बोलतात. आणि आमच्याकडे आल्यावर तेलंगणाचाही घटला आहे असे कळले की थोडे शांत होतात.

राजाचा पैसा आणि रयतेचा पैसा

सरकारी थैली आणि राज्यकर्त्याची थैली वेगळी असावी, हा विचार आज आपणांस साधा वाटतो. आपल्या शहराचा इतिहास पाहिला तर तो किती सावकाश रुजला हे कळते. निजामाच्या राज्यात दिवाणी मुलुखाचा महसूल राज्यकारभारासाठी असे, आणि सर्फ-ए-खास मुलुखाचा महसूल थेट निजामाच्या खासगी खर्चासाठी. हा सर्फ-ए-खास १९४९ साली दिवाणीत विलीन झाला.

पहिले सालारजंग १८५३ साली दिवाण झाले तेव्हा महसूल गोळा करण्याचे काम मक्त्याने दिलेले होते. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारला देई आणि रयतेकडून जमेल तेवढे काढून घेई. सालारजंगांनी मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. कर वसूल करणारा माणूस पगारी असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला पुस्तकातील व्याख्येपेक्षा या उदाहरणाने समजले.

दोन थैल्या मिसळल्या की काय होते त्याचे उदाहरण तर लंडनपर्यंत गेले. १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस कारवाईच्या दिवसांत, वेस्टमिन्स्टर बँकेतील निजाम सरकारचे सुमारे १० लाख पौंड पाकिस्तानच्या लंडनमधील उच्चायुक्तांच्या खात्यात वळवण्यात आले. हा पैसा कोणाचा? निजामाचा, हैदराबाद राज्याचा म्हणजे पुढे भारताचा, की पाकिस्तानचा? वाद चालू राहिला आणि पैसा बँकेत अडकून पडला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर व्याजासह ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. एकाहत्तर वर्षांत त्यातला एक पौंडही येथील शाळेसाठी वा दवाखान्यासाठी उपयोगी पडला नाही.

ऋण काढून सण

उत्पन्न कमी व खर्च जास्त असेल तर सरकार कर्ज काढते. राज्य सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक कर्जरोख्यांचा लिलाव करते. बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी ते रोखे घेतात. येथे मला एक गंमत दिसली. बाबांच्या पगारातून कापलेल्या पैशाचा मोठा भाग केंद्र व राज्यांच्या कर्जरोख्यांत गुंतवला जातो. म्हणजे बाबा बरकतपुऱ्याच्या वाटेने सरकारला कर्ज देतात, आणि सरकार आपल्या तिजोरीतून आजोबांना पेन्शन देते. पैसा घरातून निघून, मोठा वळसा घेऊन, पुन्हा घरातच येतो!

कर्ज काढणे मुळात वाईट नाही. घर बांधायला काढलेले कर्ज आणि जेवणावळीसाठी काढलेले कर्ज यांत फरक आहे. धरण, रस्ता, रुग्णालय यांचा लाभ पुढच्या पिढीलाही होतो. म्हणून तिने हप्त्याचा काही भाग उचलणे न्याय्य आहे. परंतु पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाचे व्याज देण्यासाठीच नवे कर्ज काढावे लागले, तर त्याला महसुली तूट म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी ‘ऋण काढून सण’ म्हटले ते हेच.

घर बांधायलाच कर्ज काढले म्हणून निश्चिंत व्हावे असेही नाही. कालेश्वरम प्रकल्पासाठी एक स्वतंत्र महामंडळ काढून, सरकारच्या हमीवर मोठी कर्जे घेतली गेली. प्रकल्पाचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये, पलीकडच्या तीरावर गडचिरोली जिल्हा असलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. बंधारा खचला म्हणून कर्ज खचत नाही. महामंडळाच्या नावावरील असे कर्ज अंदाजपत्रकात सरळ दिसत नाही. म्हणून २०२२ पासून केंद्राने अशी कर्जेही राज्यांच्या कर्जमर्यादेत मोजण्यास सुरुवात केली.

कर्ज वेळेवर फेडले नाही तर काय होते, हे तर मराठी व कानडी मुलुखाने आपल्या अंगावर पाहिलेले आहे. इंग्रजांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च निजामावर होता. तो थकत गेला. १८५३ च्या तहाने त्यापायी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. धाराशिव व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड परतले नाही. १९०२ साली ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. अकोल्या-अमरावतीच्या लोकांनी काही ते कर्ज काढले नव्हते. पण हिशेब चुकला तो दुसऱ्यांचा आणि धनी बदलला तो त्यांचा.

घर वाटले की कर्जही वाटते

माझे पणजोबा हैदराबाद राज्याच्या महसूल खात्यात कारकून होते. त्यांचा पगार हाली सिक्क्यात मिळे. हाली ७ रुपये म्हणजे कलदार ६ रुपये असा भाव. म्हणजे ७० रुपये हाली मिळाले तर भारतभर चालणारे ६० रुपये हाती आले असे समजायचे. पेन्शनला त्या काळी येथे ‘वजीफा’ म्हणत. आमच्या घरात हा शब्द आजोबांच्या तोंडी अजून आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात. तेलंगण आंध्र प्रदेशात. आजोबा सांगतात, पणजोबांच्या कचेरीतील तिघे स्नेही त्यामुळे तीन दिशांना झाले. एक औरंगाबादेस गेला, एक गुलबर्ग्यास आणि पणजोबा येथेच राहिले. नोकरी तिघांनी एकाच सरकारची केली होती, पण ते सरकारच आता उरले नव्हते. मग त्यांचे पेन्शन कोणी द्यायचे? यासाठी राज्य पुनर्रचना कायद्यातच मालमत्ता, कर्ज आणि पेन्शन यांच्या वाटणीचे नियम घातलेले होते. पणजोबा १९६० साली निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीचा बराचसा काळ एका राज्यात गेला आणि वजीफा दुसऱ्या राज्याने दिला.

हीच कथा २ जून २०१४ रोजी पुन्हा घडली. तेलंगणा वेगळा झाला. स्थावर मालमत्ता जिथे आहे तिथल्या राज्याची आणि सार्वजनिक कर्ज लोकसंख्येच्या प्रमाणात, असे साधारण सूत्र ठरले. हे प्रमाण आंध्र प्रदेश ५८.३२ आणि तेलंगणा ४१.६८ असे होते. विभाजनापूर्वी मंजूर झालेली पेन्शने ज्याच्या कोषागारातून दिली जातात त्याने द्यावीत. वर्षअखेर दोन्हीकडील बेरीज करावी, ती वरील प्रमाणात वाटावी आणि कमी भरणाऱ्याने जास्त भरणाऱ्याची भरपाई करावी, असे कायदा सांगतो. समजा, दोघांनी ५० - ५० रुपये दिले. तेलंगणाचा वाटा ४१.६८ आहे, तेव्हा आंध्राने त्याला ८.३२ रुपये परत द्यायचे. वाणिज्याच्या पहिल्या वर्षात भागीदारी संस्थेचे विसर्जन शिकतो, तोच हा हिशेब.

पण भागीदारांत वाद व्हायचेच. थकलेला कर ज्या ठिकाणी आकारणी झाली त्या राज्याचा, आणि करदात्याला परत द्यावयाची रक्कम मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात, असे नियम झाले. मोठ्या कंपन्यांची कार्यालये हैदराबादेत. म्हणजे येणे बहुतेक तेलंगणाकडे आणि देण्यात आंध्राचा मोठा वाटा. याविषयी आंध्राने वारंवार तक्रार केली. विसर्जनाचे गणित परीक्षेत जुळते, प्रत्यक्षात ते इतके सहज जुळत नाही.

वचन की वर्गणी?

आता आमच्या घरातील मूळ प्रश्नाकडे येते. आजोबांचे म्हणणे असे : “आमचा पगार तेव्हा थोडा होता. बाकीचा सरकारने मागे ठेवला. तोच आता हप्त्याहप्त्याने मिळतो. हे काही दान नाही.” कायदाही त्यांच्या बाजूने आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, असे स्पष्ट केले. म्हणून दरवर्षी १७ डिसेंबरला निवृत्तांचा दिवस पाळला जातो. आजोबा त्या दिवशीच्या सभेला न चुकता जातात.

पण मी त्यांना एक प्रश्न विचारला. “आजोबा, सरकारने तो पगार मागे ठेवला म्हणता, पण ठेवला कुठे?” ते विचारात पडले. कारण खरे उत्तर असे की, तो कुठेच ठेवलेला नव्हता. जुन्या पेन्शनसाठी वेगळी गंगाजळी नसते. त्या काळी वाचलेला पैसा त्याच काळी खर्च झाला, आणि आजचे पेन्शन आजच्या करांतून दिले जाते. म्हणजे हेही एक कर्जच आहे. फक्त ते कर्जरोख्यांच्या यादीत लिहिलेले नसते. माणसांचे आयुष्य वाढले, पगार वाढले आणि हा आकडा फुगत गेला.

म्हणून केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आणि कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून लागणाऱ्यांना वर्गणीची योजना लावली. यात सरकारला आपले देणे आजच मोजून द्यावे लागते, हा मोठा गुण. पण जोखीम सगळी कर्मचाऱ्याच्या माथी येते, हा मोठा दोष. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वर्षासन घ्यायचे. ते किती मिळेल हे त्या वेळच्या बाजारावर आणि व्याजदरावर अवलंबून. आत्याने मला एकदा विचारले, “तू कॉमर्सची ना? मग सांग, मला महिन्याला किती मिळतील?” मी दोन तास आकडेमोड केली. व्याजाचा दर एक टक्क्याने बदलला की उत्तर बदलते. शेवटी मी कागद घडी करून ठेवला. सतरा वर्षांच्या वर्गणीनंतरही तिला एक ठाम आकडा सांगता येऊ नये, याचे मला वाईट वाटले.

यावरून देशभर वाद झाला. राजस्थानने २०२२ मध्ये जुने पेन्शन परत आणले. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एक मधला मार्ग काढला : वर्गणीही द्यायची आणि पंचवीस वर्षे सेवा झाली तर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमीही मिळायची.

माझे मत विचाराल तर, नुसते जुने परत आणा म्हणणे सोपे आहे. त्याचे बिल आज येत नाही. ते माझ्या आणि माझ्या भावाच्या पिढीवर येते, आणि जी आई-वडिलांची मुले खासगी नोकरीत आहेत त्यांच्यावरही, ज्यांना स्वतःला असे पेन्शन नाही. पण नुसते बाजारावर सोडून देणेही न्यायाचे नाही. तीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या बाईला म्हातारपणी किती मिळेल एवढे तरी माहीत असले पाहिजे. हमी द्यावी, आणि ज्या दिवशी हमी दिली त्याच दिवसापासून तिच्यासाठी पैसा बाजूला काढावा. वचन आणि वर्गणी ही दोन्ही एकत्र हवीत. आणि सरकारी नोकरांबरोबर बाबांसारख्यांच्या हजार रुपयांचाही विचार व्हावा.

हे सारे लिहून झाल्यावर मी धाकट्याला बोलावले आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. “आजोबांचे पेन्शन थोडेसे तूही देतोस. दुकानातून बिस्किटांचा पुडा आणतोस ना, त्याच्या किमतीत कर असतो. तो सरकारकडे जातो.”

त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पण पुड्याचे पैसे तर आजोबाच देतात!”

यावर आजोबा मोठ्याने हसले. मला मात्र वाटले, सार्वजनिक वित्तव्यवहाराचा धडा त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला.